मामा तलावाच्या भाचरांना कानमंत्र

भाचरांनो,

परवा तुम्ही पाळीवर जमलात तेव्हा मी पिंपळाखालून पाहत होतो. वीस जण, वीस नवी फावडी, आणि दांड्यांना अजून हाताचा घामही लागलेला नाही. फार बरं वाटलं. आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे या तळ्यांना मामा तलाव म्हणतात. माजी मालगुजारी, त्यातल्या दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर उचलून मामा. तेव्हा मामाच्याच हक्काने चार गोष्टी तुमच्या कानात सांगतो.

पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यातले पुष्कळ गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या माणसांनी बांधले. नवेगाव बांधचा जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला. तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन कसायला मिळे. पाळ फुटली तर त्याच्याच ताटातला भात जाई, म्हणून तो पाळीवर फिरत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकाची मालकी, संपली, ते योग्यच झालं. तलाव सरकारजमा झाले. पण पाळीवर फिरणारा माणूसही त्याच दिवशी घरी बसला, आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही. ती रिकामी जागा आता तुम्ही भरताय. तळ्यापायी करायच्या बहुतेक चुका मी करून बसलोय, त्या तुम्हाला पुन्हा करायला लागू नयेत.

आधी ओळख

१. पहिला महिना फावडं घरी ठेवा आणि नुसतं फिरा — तळं कशाने भरतं हे ठाऊक नसलेला माणूस कामाच्या भरात त्याच्या भरायच्या वाटाच बुजवतो.

२. पहिला जोराचा पाऊस आला की तलावाच्या वरच्या अंगाला जा आणि पाणी कुठून कुठून उतरतं ते पाहा — नकाशात ओढा एक असतो, पावसात सतरा असतात.

३. पाणलोटाची हद्द गुराख्याला विचारा — चढ कुठे संपतो आणि उतार कुठे लागतो, हे त्याचे पाय रोज मोजतात.

४. एक हिशोब पाठ करून ठेवा: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. दहा हेक्टरांच्या टेकडीवर २५ मिलिमीटर पडला तर २५ लाख लिटर — यातलं काही मुरेल, काही वाफ होईल, तरी उरलेलं तळ्यापर्यंत पोचायला वाट मोकळी लागते.

५. तलावाचे अवयव नावानिशी ओळखा: पाणी अडवणारी मातीची पाळ, जादा पाणी जाण्याचा सांडवा (म्हातारी माणसं त्याला सलंग म्हणतात), पाणी सोडायचं तुडूम, शेतात नेणारी नहर आणि पाणी येण्याचा येवा — म्हाताऱ्याशी त्याच्या शब्दात बोललात की तो मनातलं सगळं सांगतो.

वरचं अंग

६. तळ्यातल्या गाळाचा उगम तळ्याच्या वर शोधा — वरच्या धुऱ्याची माती, खालच्या तळ्याच्या छातीवर.

७. वरच्या शेतकऱ्याला उपदेश करायला जाऊ नका, धुरा बांधायला हात द्यायला जा — त्याची माती त्याच्याकडे राहिली की आपला गाळ आपोआप कमी होतो, आणि बोलण्यापेक्षा कुदळ लवकर पटते.

८. काम माथ्यापासून पायथ्याकडे करत या — वर पळतं पाणी तसंच सोडून खाली बांध घातला, तर पहिल्या मोठ्या पावसात तो बांधही तळ्यातच येऊन बसतो.

९. ओघळीत दगडांचा बांध रचाल तेव्हा त्याचा मध्य कडांपेक्षा खाली ठेवा — पाणी मधूनच सांडलं पाहिजे; कडेने गेलं तर काठ कापत जातं आणि ओघळीचा नाला होतो.

१०. मोहफुलं वेचायच्या दिवसांत कोणी झाडाखाली पाला जाळत असेल तर रागावू नका, खाली अंथरायला जुनी लुगडी किंवा जाळी घेऊन जा — आग टेकडीभर पसरली की माती उघडी पडते, आणि मृगाचा पहिला पाऊस ती उचलून तळ्यात आणतो.

११. टेकडीचा एक तुकडा दोन पावसाळे चराईसाठी बंद ठेवा, पण कोणता ते गुराख्यांनाच ठरवू द्या — ज्याने कुंपण ठरवलं तोच ते राखतो.

१२. येव्याच्या तोंडाशी गवताचा रुंद पट्टा तसाच राहू द्या, तो साफसूफ करू नका — गवत पाण्याला क्षणभर थांबवतं, आणि थांबलेलं पाणी माती खाली ठेवून पुढे जातं.

१३. येव्यावरून रस्ता होत असेल तर नळ्या टाकायच्या दिवशी तिथे हजर राहा — रस्ता करणारा उन्हाळ्यात येतो, त्याला तिथे पाणी दिसत नाही.

पाळ, सांडवा आणि तुडूम

१४. आठवड्यातून एकदा आणि पावसाळ्यात रोज पाळीवरून पायी फेरी मारा, गाडीवरून नको — खेकड्याचं बीळ बोटाएवढं, नुकसान गावाएवढं.

१५. जाताना पाळीच्या माथ्यावरून जा, येताना बाहेरच्या पायथ्याने या — पाळीचं दुखणं आत असतं, पण ते ओल होऊन बाहेरच्या अंगाला दिसतं.

१६. पायथ्याशी झिरपणारं पाणी पेल्यात धरून पाहा. निवळ असेल तर वहीत नोंद करा. गढूळ असेल तर त्याच घटकेला सरपंचाला आणि सिंचन खात्याला फोन लावा — गढूळ झिरपा म्हणजे पाळीची माती आतून वाहू लागली आहे.

१७. बीळ वरून चिखलाने लिंपू नका. मोकळं खणा आणि ओली चिकणमाती थराथराने ठोकून भरा — वरून झाकलेली पोकळी आत तशीच राहते, आणि ती आपण विसरतो हे जास्त वाईट.

१८. पाळीवर नवं मोठं झाड लावू नका आणि आहे ते जुनं झाड तोडू नका — जिवंत मूळ माती धरून ठेवतं, पण मेलेलं मूळ कुजलं की पाण्याला आयती नळी मिळते.

१९. पाळीच्या माथ्यावर हरळी आणि उतारावर वाळा लावा — हरळी पावसाचा मार झेलते, आणि वाळ्याची मुळं सरळ खोल जाऊन उतार शिवून ठेवतात.

२०. पाणी वाढवायला सांडव्यावर पोती कधीही रचू नका. एका वर्षी रोवणी झाली आणि पाऊस लांबला, म्हणून आम्ही रचली. चौथ्या रात्री आभाळ फाटलं. बारा जणांनी कंदिलाच्या उजेडात पोती ओढून काढली, तरी पहाटे पाळीवरून बोटभर पाणी गेल्याची खूण होती — मातीच्या पाळीवरून पाणी वाहू लागलं की ती माथ्यापासून कापली जाते, आणि मग कोणाच्या हातात काही राहत नाही.

२१. मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळी लावली असेल तर पावसाळ्यात ती दिवसातून दोनदा झाडा — पालापाचोळ्याने तुंबलेली जाळी आणि रचलेली पोती, पाण्याला दोन्ही सारखीच.

२२. तुडूम वैशाखातच उघडून, मिटून, तपासून ठेवा — आषाढात त्यावर पुरुषभर पाणी असतं, आणि तेव्हा आत उतरणं जिवावरचं काम आहे.

गाळ

२३. यंत्र बोलावण्याआधी लेखी परवानगी घ्या, गाळ मोजा आणि तो कोणाच्या शेतात जाणार त्याची यादी करा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तिची चौकशी करा — यादीशिवाय काढलेला गाळ पाळीवर पडून राहतो आणि पहिल्या पावसात पाहुण्यासारखा परत घरी येतो.

२४. आधी पाच-सहा ठिकाणी हाताने चाचणीचे खड्डे घ्या. काळा भुसभुशीत गाळ संपून घट्ट चिकणमाती लागली की तिथे थांबा — ती तलावाची चटई आहे. ती फाटली तर तळं दिसायला खोल होतं आणि दिवाळीआधीच कोरडं पडतं.

२५. पाळीच्या आतल्या पायथ्याशी खणू नका, भरपूर अंतर सोडा — पायाखालची माती काढली की भिंत सरकते, मग ती घराची असो की तळ्याची.

२६. सगळं तळं एकसारखं खोल करू नका. मध्ये डोह ठेवा, कडांना उथळ पाणी राहू द्या — डोहात मासे मे महिना काढतात, आणि उथळ पाण्यात देवधान उगवतं, मासळी अंडी घालते, पक्षी चरतात.

२७. खणलेल्या जागेला उभे कडे ठेवू नका, गुरांना सहज चढता येईल असा उतार द्या — पावसाळ्यात तो खड्डा पाण्याखाली दिसत नाही, आणि आपली पोरं पोहायला उतरतात.

२८. गाळ आधी हलक्या, मुरमाड शेतांना द्या, तोही पातळ थराने — भारी जमिनीत जाड थर पडला तर पाणी साचून पिकाची मुळं गुदमरतात, आणि तो शेतकरी पुढच्या वर्षी गाळाचं नावही काढू देत नाही.

पाण्यातलं जग

२९. हिरवं दिसलं की उपटू नका, आधी नाव विचारा — कमळ, कुमुद, देवधान, पाण्याखालचा हायड्रिला ही तळ्याची घरची माणसं आहेत. घुसखोर वेगळे आहेत.

३०. बेशरम काढायची तर मुळासकट काढा आणि काड्या काठावर टाकू नका, उन्हात पार वाळवा — ओल्या मातीला टेकलेली तिची प्रत्येक काडी नवं झाड होते. नाव उगाच पडलेलं नाही.

३१. जलपर्णीचं एक रोप दिसलं की त्याच दिवशी काढा, रविवारची वाट पाहू नका — ऊब आणि सांडपाणी मिळालं तर ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि एकदा तळं झाकलं की काढणाऱ्यांच्या पाठी वाकतात.

३२. नुसतं काढू नका, लावाही. अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांबरोबर तलावांतून बेशरम काढली आणि देशी पाणवनस्पती परत लावल्या. त्यामागून मासे आणि पक्षी परतले — माशाला खायला, लपायला आणि अंडी घालायला झाडंच लागतात.

३३. पाणी लवकर ‘साफ’ व्हावं म्हणून कोणी ग्रास कार्प सोडायचं सुचवलं तर नम्रपणे थांबवा — तो गवत खाणारा मासा आहे; तुम्ही लावलेलं देशी गवतही त्याला तेवढंच गोड लागतं.

३४. रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडणाऱ्यांशी भांडू नका, पण मरळ, शिंगी, झिंगे यांची जागा शाबूत आहे ना ते पाहा. आफ्रिकन मागूर मात्र कोणीही आणू देऊ नका — त्याच्यावर देशात बंदी आहे, आणि तो आपल्या माशांची पिल्लं खाऊन टाकतो.

३५. जून-जुलैत चढणीचे मासे धरायचे नाहीत, असं गावाने सभेत एकमताने ठरवून घ्या — त्या दिवसांत प्रत्येक मादीच्या पोटात पुढच्या वर्षाचं कालवण असतं.

३६. पहाटे मासे पाण्याबाहेर तोंड काढून श्वास घेताना दिसले तर घाबरून औषध टाकू नका, सांडपाणी किंवा शेण कुठून येतंय ते शोधा — खत जास्त झालं की शेवाळ माजतं, रात्रभर तेच प्राणवायू खातं, आणि सूर्योदयाच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो.

३७. काठावर धुणं धुणाऱ्या बायकांना हटकू नका. पाण्यापासून दूर ओटा बांधून द्या आणि त्याचं पाणी शोषखड्ड्यात सोडा — नळाला पाणी नसतं म्हणून त्या येतात, हौस म्हणून कोणी एवढी ओझी वाहत नाही.

३८. गणपती, शारदा आणि दुर्गेच्या विसर्जनाला काठावर वेगळा हौद आणि निर्माल्यासाठी वेगळा ढीग करा, आणि मंडळांशी ही गोष्ट मूर्ती ठरवायच्या आधी बोला — प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती मातीसारखी विरघळत नाही, आणि मिरवणूक पाळीवर आल्यावर कोणाला काही शिकवता येत नाही.

३९. धानाच्या बांधीत सारसाचं घरटं दिसलं तर जागा कोणाला सांगत फिरू नका. त्या शेतकऱ्याला गाठा, त्याचा सन्मान करा आणि दुरून राखण करा — महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या याच तळ्या-बांध्यांत उरलाय, आणि जोडी वर्षाला बहुधा दोनच अंडी घालते.

माणसं

४०. ज्याची जाळी, त्याला आधी हाळी. कुठलंही काम ठरवण्याआधी ढिवरांच्या घरी जा — तळ्याच्या तळाची वाट, माशाची सवय आणि झाडाचं नाव त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. आपण चार रविवार देतो, त्यांचं पोट तिथे आहे.

४१. धानवाल्याला शेवटचा थेंब शेतात हवा असतो, मासेवाल्याला तळ्यात. दोघांना एकत्र बसवा आणि यापुढे पाणी सोडायचं नाही अशी रेघ तुडुमाजवळच्या दगडावर रंगवा — रेघ सगळ्यांसमोर ओढली की रात्री तुडूम उघडायला हात धजत नाही.

४२. सभा बायकांच्या सोयीने लावा. रोवणी आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत बोलावून त्या आल्या नाहीत असं म्हणू नका — पाणी भरतात त्या, आणि तळं आटल्याची पहिली खबरही त्यांच्याच घागरीला लागते.

४३. तळ्याच्या पोटात कोणी शेत वाढवलं असेल तर आधी त्याच्या घरी जाऊन चहा घ्या, चावडीवर नाव नंतर — घरात मागे सरलेल्या माणसाची इज्जत राहते. चारचौघांत अडवलेला माणूस हट्टाला पेटतो, आणि मग सांडवाच फोडतो.

४४. वर्गणीचा प्रत्येक रुपया ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, दहा रुपयांचा खिळासुद्धा — दहाच्या खिळ्याचा हिशोब चुकला तर लाखाच्या कामावर संशय लटकतो.

४५. काम करून दमल्यावर पारावर थोडं बसा, एकमेकांचं ऐका. ज्याने मनाविरुद्ध मत दिलं त्याला पहिला चहा द्या — तळं एका माणसाच्या उत्साहावर दोन वर्षं टिकतं, दहा माणसांच्या ओढीवर दोन पिढ्या.

कागद

४६. तलाठ्याकडून तलावाचा सातबारा, गावनकाशा आणि निस्तारपत्रकाची नक्कल काढून ठेवा — निस्तारपत्रकाची तरतूद जमीन महसूल संहितेत खास आपल्या विदर्भासाठी आहे. गावाचा गुरांच्या चराईवर, लाकूडफाट्यावर कोणता हक्क आहे ते त्यात लिहिलेलं असतं.

४७. गाव जंगलालगत असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याचा सामूहिक दावा करताना तलाव विसरू नका — मासे आणि पाणवठ्यावरच्या इतर उपजेचा गावाचा हक्क त्या कायद्याने मानला आहे.

४८. अर्ज नेहमी दोन प्रतींत करा आणि एकीवर शिक्का-तारखेची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं — तोंडी विनंती वाऱ्यावर जाते, पोच कपाटात राहते.

४९. अतिक्रमणाचा विषय चहाने सुटला नाही तर सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल अर्जाला जोडा — खटला गावतळ्यावरच्या अतिक्रमणाचाच होता, आणि न्यायालयाने सगळ्या राज्यांना गावाच्या सामाईक जमिनी परत मिळवायला सांगितलं.

५०. तलावातली झाडं, मासे, पक्षी गावाच्या जैवविविधता नोंदवहीत लिहून घ्या, आणि सांगणाऱ्या म्हाताऱ्याचं नावही त्यात येऊ द्या — २००२ च्या जैवविविधता कायद्याने ही वही गावाची आहे. कोणी उद्या ‘इथे काही नव्हतंच’ म्हणालं तर तीच बोलते.

जीव सांभाळा

५१. उन्हाळ्यात श्रमदान सकाळी सहा ते नऊ, त्यापुढे एक टोपलीही नको — आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन पंचेचाळीस अंशांच्या वर जातं, आणि ऊन लागलेला एक पोरगा दिसला की दहा आयांचा जीव खालीवर होतो.

५२. पाण्यात कोणी एकट्याने उतरायचं नाही. काठावर दोर आणि हवा भरलेली ट्यूब हाताशी हवीच — पोहता येणारेही चिखलात पाय रुतून आणि वेलीत अडकून बुडतात.

५३. गमबूट घाला, पायाला जखम असेल तर त्या दिवशी वही सांभाळा — गुरांच्या आणि उंदरांच्या मुतामुळे साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा ताप जखमेवाटे शिरतो.

५४. साप चावला तर आवळून बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. अवयव हलू न देता थेट सरकारी दवाखान्यात न्या — विषावरचं औषध तिथेच मिळतं, आणि घालवलेली प्रत्येक घटका विषाच्या बाजूने जाते.

वही

५५. तुडुमाजवळ दगडावर मीटर आणि सेंटिमीटरच्या खुणा रंगवा आणि दर रविवारी पाण्याची पातळी लिहा — ज्याच्या वहीत तारीख, त्याच्या बोलण्यात ताकद.

५६. वहीत पावसासोबत पहिला चढणीचा मासा, पहिलं कमळ आणि पाळीवर नवं दिसलेलं बीळही लिहा — तीन वर्षांनी तीच वही सांगेल की तळं सुधारतंय की नुसतं आपल्यालाच तसं वाटतंय.

५७. दर वर्षी वही एका नव्या हातात द्या, आणि तो हात शाळेतल्या पोराचा असला तरी चालेल — जुना मालगुजार गेला तेव्हा त्याच्याबरोबर तळ्याचं सगळं ज्ञान गेलं, कारण ते एकाच डोक्यात होतं.

भाचरांनो, एवढं सगळं लक्षात राहिलं नाही तरी चालेल. चौदावा मंत्र तेवढा धरून ठेवा. आपल्या डोळ्यांदेखत जी तळी मेली, त्यातली बहुतेक एका रात्रीत मेली नाहीत. आधी एक बीळ झालं, ते कोणी पाहिलं नाही. मग सांडव्यावर पाला अडकला, तो कोणी काढला नाही. मग येव्यावर वाट झाली, ती कोणी अडवली नाही. आणि जी तळी तीनशे वर्षं टिकली, ती कोणाच्या तरी रोजच्या पावलांवर टिकली. सातबाऱ्यावर मालक म्हणून कोणाचंही नाव असो, तलाव फेरी मारणाऱ्याच्या भरवशावर उभा असतो.

येत्या रविवारी सकाळी सहाला तुडुमापाशी या. फावडं नको, वही आणा.